त्रिरश्मीच्या ओसरीत

नाशिकला उतरून आम्ही त्रिरश्मी लेणी विचारली, पण 'पांडवलेणी' म्हटल्याशिवाय रिक्षावाल्याला कळेना. आमच्या आजीही तेच सांगत, पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणून.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि पुढे या भिंती वाचता आल्या. लेणी भिक्खूंसाठी कोरलेली निघाली. मग विद्वान राजांच्या मागे लागले. नहपान कोण, गौतमीपुत्र सातकर्णी केव्हाचा, कोणी कोणाला हरवले. तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लांबलचक लेख तर मुलाच्या पराक्रमानेच भरलेला.

आम्ही जास्त बसलो ते दहा नंबरच्या ओसरीत. नहपानाचा जावई उषवदात याने दोन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे कायमचे ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. त्यातून भिक्खूंना चिवरे. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, पाऊण टक्क्याने. साचे खात्यात उभी हयात घालवलेले मामा म्हणाले, "म्हणजे राजाच्या जावयाचा पैसा मागवाल्यांकडे?"

लेखाचे एक अक्षर बदललेले नाही. पण दामोदर कोसंबींनी १९५६ च्या ग्रंथात राजांच्या यादीपेक्षा माणसे कशी कमावत, कशावर जगत, हे आधी विचारले. आता अभ्यासक येथे विणकरही शोधतात.

लेखातला शब्द 'कोलिक', म्हणजे विणकर. मामांनी तो कुठे आहे ते दोनदा विचारले, आणि चष्मा पुसून पुन्हा भिंतीजवळ गेले.