सर्वणचा बारावा

बेळगावहून जांबोटी ओलांडून कणकुंबीला आलो की चहासाठी थांबायचे, हा आमच्या घराचा जुना नियम. येथे मलप्रभेचा उगम. तिचे पाणी कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला मिळते, आणि आपण मात्र चोर्ला घाट उतरून पश्चिमेच्या समुद्राकडे निघालेले असतो. केरी, साखळी, कारापूर आणि मग डिचोलीच्या शेजारचे सर्वण. लहानपणी या वाटेने मे महिन्यात काजू खायला जायचो. या खेपेला मावशीच्या यजमानांच्या बाराव्याला निघालो होतो.

आईला गुडघ्यांमुळे घाटातला प्रवास झेपत नाही. निघताना तिने एवढेच बजावले, “मावशीला पैसे कमी पडत असतील तर विचार. ती आपणहून सांगायची नाही.”

आईची काळजी खरी होती. काकांचा एक ट्रक खाणीवर चालायचा. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या आणि 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. अलीकडे काही चालू झाल्या आहेत, पण काकांचा ट्रक तोपर्यंत विकला गेला होता. या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ आहेत. बाहेरून चिऱ्याची भक्कम भिंत, आत हप्त्यांचा हिशेब.

मावशीच्या अंगणात मंडप नव्हता. आचारी नव्हता. सोप्यावर चटया अंथरल्या होत्या आणि आत जावा-नणंदा स्वयंपाक करीत होत्या. मी मावसभावाला बाजूला घेऊन पैशांचे विचारले. तो म्हणाला, “दादा, लागले नाहीत. लाकूड आमच्याच बागायतीतले, शेजाऱ्यांनीच तोडून आणले. आणि बाकीचे बाबांनीच लिहून ठेवले होते.” त्याने शाळकरी वही आणून दाखवली. काकांचे अक्षर मोठे, वळणदार. बाराव्याला घरची आणि खांदेकरी माणसे तेवढी बोलवावी. वर्तमानपत्रात फोटो नको. कर्ज काढू नये. खाली सही आणि तारीख, दोन वर्षांपूर्वीची.

ती वही वाचताना मला आमच्या वडिलांच्या तेराव्याचा कागद आठवला. त्यात लाकूड, रॉकेल, भटजींची दक्षिणा आणि रक्षाविसर्जन मिळून पाच-सहा ओळी होत्या. उरलेली दोन पाने मंडप, आचारी, तांदूळ, तूप आणि भांडी यांनी भरली होती. थोरल्या भावाने सोसायटीतून कर्ज काढले आणि ते फेडायला त्याला तीन वर्षे लागली. नको म्हणायचे त्याच्याही मनात होते, माझ्याही. पण बाप गेल्याच्या तिसऱ्या दिवशी खर्च कमी करू या, हे मुलाने कोणत्या तोंडाने बोलायचे? बायकोच्या माहेरी तर दफन करतात, लाकडाचा प्रश्नच नाही. तरी शिवगणाराधनेचे जेवण चुकत नाही. आपल्याकडे म्हणतात लोक काय म्हणतील, आणि सासरे म्हणतात, ‘मंदी एन अंतार?’ भाषा दोन, धाक एकच.

लाकडाचा भार समाजाला उचलता येतो, हे आपल्या शेजारच्या कोल्हापूरने केव्हाच दाखवले आहे. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार विनामूल्य करते. होळी लहान करून उरलेल्या शेणी लोक स्मशानाला दान देतात. मला हा होळीचा सर्वांत चांगला उपयोग वाटतो. गोव्यातही अनुसूचित जमातींच्या कुटुंबांसाठी सरकारची अंत्यसंस्कार साहाय्य योजना आहे. पण जेवणावळींचे काय? गाडगेबाबा कर्ज काढून पंक्ती उठवणाऱ्यांना कीर्तनातून आयुष्यभर झोडपत राहिले. 1956 साली ते गेले. पंक्ती काही थांबल्या नाहीत.

मला वाटते, ही गोष्ट मागे राहिलेल्यांवर सोपवणेच चूक आहे. दुःखातला माणूस घासाघीस करू शकत नाही, आणि त्याने करूही नये. जाणाऱ्याने आधी सांगून ठेवले तर मुलांची सुटका होते. काकांच्या वहीमुळे मावसभावाला कोणाचे ऐकावे लागले नाही असे नाही. एक चुलते जेवताना पुटपुटलेच, “एवढा मानाचा माणूस, आणि असा बारावा!” मावशीने वाढता वाढता शांतपणे सांगितले, “त्यांचेच म्हणणे होते, भावोजी. भात घ्या.” विषय तेथेच संपला.

दुपारी निघताना मावशीने आईसाठी काजूची पुडी दिली. घाटात धुके होते, गाडी हळूच चढवावी लागली.

घरी पोचलो तेव्हा आई जागीच होती. “किती पाने उठली?” तिने विचारले.

“एकवीस.”

ती बराच वेळ गप्प राहिली. वडिलांच्या तेराव्याला गावजेवण हवे, हा हट्ट तिचाच होता.

“खीर होती ना?”

“होती.”

“मग झाले तर,” म्हणाली आणि कुशीवर वळली.