हरलेल्यांनी घरी जायचे नाही

२०२४ साली आमच्या बुलडाण्याच्या वस्तीतल्या विहारात मी शाळकरी मुलांची बुद्धिबळ स्पर्धा घेतली. तेव्हा माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो. हरला तो बाद, असा नियम मी केला. २४ मुले आली आणि पहिल्याच फेरीनंतर १२ घरी गेली. त्यात माझी सहावीतली मुलगीही होती. वजीर फुकट घालवला म्हणून मी तिला चारचौघांत बोललो. नंतर वर्षभर तिने पटाला हात लावला नाही. कार्यालयात चुकलेला आकडा खोडून वर सही करता येते, इथे तशी सोय नव्हती.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. पोरे मागे लागली, "काका, पुन्हा खेळ ठेवा." या वेळी घरच्यांसह मेळावा ठेवला. एक मूल आणि घरचे एक मोठे माणूस मिळून एक बाजू. आळीपाळीने चाल करायची, एकमेकांशी बोलायचे नाही. फेऱ्या स्विस पद्धतीने. १८९५ साली झुरिचला ही पद्धत प्रथम वापरली, म्हणून हे नाव. तिच्यात कोणी बाद होत नाही. सारख्या गुणांचे समोरासमोर येतात, म्हणजे हरलेल्याला पुढे हरलेलाच भेटतो. जोड्यांचा तक्ता मी खतावणीसारखा आखला. बी.कॉम.चा एवढा उपयोग आजवर झाला नव्हता.

एका ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात भगवान बुद्ध पटावरच्या खेळांपासून दूर राहतात असे सांगितले आहे, आठ-आठ घरांच्या पटाचे तर नावही आहे. त्यांचे म्हणणे खरे होते. बुद्धिबळ पुष्कळ शतकांनी आले, पण त्याचा पट तोच, ६४ घरांचा. मी म्हणालो, "बाबा, ते श्रमणांच्या आचरणाबद्दल आहे, संसारी माणसांच्या पोरांबद्दल नाही." त्यांना ते पटले. इतके पटले की दुपारभर नातवाच्या मागे उभे राहून चाली सुचवत होते. दोनदा गप्प करावे लागले.

दोन दिवस पावसाची झड लागली होती, निंदण बंद, म्हणून बायाही आल्या. पण भिंतीला टेकून बसल्या. दिव्याचे नाव काढले तर एक जण म्हणाली, "तिचे मायबाप डॉक्टर हायेत भाऊ. आमचं काय?" मग मी त्यांना फातिमाची गोष्ट सांगितली. ती पंजाबातल्या उमर हयात खान यांच्या घरी नोकरीला होती. त्यांच्यासोबत इंग्लंडला गेली आणि १९३३ साली तिने ब्रिटिश महिलांचे अजिंक्यपद जिंकले. त्याच वर्षी त्यांच्याच पदरचे सुलतान खान तिसऱ्यांदा ब्रिटिश विजेते झाले. पुढे फातिमाचे नाव मागे पडले. बायांनी दोनदा विचारले, "घरकाम करणारी?"

त्यांच्यासाठी आधी नुसती प्यादी मांडली. ज्याचे प्यादे पलीकडच्या टोकाला आधी पोहोचेल तो जिंकला. पाच मिनिटांत जमले. माझी माय तर प्यादे मेले की शेजारणीवर चिडू लागली.

मुलगी चहाची किटली घेऊन फिरत होती. मायला जोडीदार नव्हता. तिने नातीचा हात धरला, "बस वं इथं. हा घोडा वाकडा काऊन चालते ते सांग मले." मुलगी बसली.

पहिले दोन डाव त्या हरल्या. तिसऱ्यात मायने वजीर सरळ हत्तीच्या तोंडी दिला. मुलीने पटावरून मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी तक्त्यात डोके घातले. तोही डाव गेला. चौथ्या फेरीत त्यांच्यासमोर तिन्ही डाव हरलेलीच दुसरी जोडी आली. त्या पटातला काळा उंट हरवला होता, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचे झाकण ठेवले होते. "आजी, तो उंट आहे," मुलगी नियम मोडून सांगत होती. आजी शेवटपर्यंत त्याला झाकणच म्हणाली.