टबाच्या तळाची भोकं

मृग तोंडावर आलाय, म्हणून आज गच्चीवरच्या पत्र्याच्या टबाला भोकं पाडायला घेतली. टब पालथा घातला, आतून तळाला लाकडाचा ठोकळा टेकवला. आधी खिळ्याने खूण ठोकली की ड्रिल घसरत नाही. दहा-बारा मिलिमीटरची भोकं, मधे आणि कडेनेही, कारण तळ जिथे खोलगट तिथेच पाणी तुंबतं. भोकाच्या कडेचा जस्ताचा मुलामा उडतो, आतलं लोखंड उघडं पडतं. गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून कानस मारून झिंक प्रायमरचा हात दिला.

तळाशी खडी घाला, असं सगळेच सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. बारीक माती पुरती भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही. चिखलाचा थर तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकांवर नायलॉनच्या जाळीचा तुकडा पुरे. पावसाळ्यात झाडं पाण्याने नाही, मुळांना हवा न मिळाल्याने मरतात, आणि ते बघवत नाही.

टब विटांवर चढवला, भोकं मोकळी ठेवून. उद्या माती, शेणखत आणि गवती चहाची ठोंबं.