मधल्या बोटाचं दुखणं

बाराबोअरचा बार काढला की माणूस आधी खांदा चोळतो. दुसऱ्या दिवशी मात्र ठणकत असतं ते चाप ओढणाऱ्या हाताचं मधलं बोट. मधल्या सांध्यापाशी निळसर सूज, मूठ पूर्ण वळत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दोननळी बंदूक बाळगणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. खांद्यावर टॉवेलची घडी घ्यायला कुणीही सांगतं, बोटाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

धक्का टळत नाही. छर्रे पुढे जातात तेवढ्याच जोराने बंदूक मागे येते. तो किती बसेल, हे काडतूस आणि बंदुकीचं वजन मिळून ठरवतात. तेच काडतूस 3.6 किलोच्या बंदुकीऐवजी 2.7 किलोच्या बंदुकीतून उडवलं, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. बंदूक तीच ठेवून, वेगही तोच ठेवून 24 ग्रॅम छर्ऱ्यांऐवजी 36 ग्रॅम भरले, तर ती जवळपास दुप्पट होते. खांद्याला वागवायला हलकी बरी म्हणून घेतलेली बंदूक बार काढताना त्याची वसुली करते.

बोटाचं गणित वेगळं आहे. चापाखाली जी धातूची कमान असते, ट्रिगर गार्ड, तिची मागची कड मधल्या बोटाच्या अगदी पुढ्यात येते. मूठ सैल असली की बार उडताच बंदूक आधी मागे सरकते, हात जागेवरच राहतो आणि ती कड बोटावर आदळते. त्यामुळे उपायही मुठीतच आहे. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांनी दस्ता घट्ट धरायचा, चापावरचं बोट तेवढं मोकळं ठेवायचं, आणि मधलं बोट व गार्ड यांच्यात पेन्सिल बसेल इतकी फट सोडायची. डाव्या हातानेही बंदुकीला आधार द्यायचा, ती नुसती तळव्यावर ठेवायची नाही.

पण हात छोटा असेल तर ही फट राहतच नाही. दोन चापांच्या बंदुकीत पुढचा चाप गाठायला हात पुढे सरकतो आणि मधलं बोट थेट गार्डला चिकटतं. मागच्या चापाची तऱ्हा निराळी: तिथे तर्जनी दोन चापांच्या मधे असते आणि पुढचा चाप मागे येऊन तिला ठोकतो. चांगल्या इंग्रजी बनावटीच्या काही बंदुकांत पुढचा चाप बिजागरीवर बसवलेला असतो. बोट टेकलं की तो पुढे झुकतो. बोटाचा इतका विचार करणारा कारागीर विरळाच.

दस्त्याची लांबी हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. कोपराच्या खोबणीत दस्ता टेकवून चापापर्यंत बोट पोचतं का, एवढंच दुकानात पाहतात. त्याने फारसं काही कळत नाही. बंदूक गालाला लावावी, आणि नाक व दस्त्यावरचा अंगठा यांच्यात दोन बोटं मावतात का ते पाहावं. मावत नसतील तर दस्ता आखूड आहे. थंड प्रदेशात जाड कोट घालून घेतलेलं माप कोकणात बनियनवर आखूडच पडणार. चामड्याचं किंवा रबराचं टोपण दस्त्याच्या मागे चढवलं तर धक्का थोडा मऊ होतो, शिवाय लांबीही वाढते. गार्डच्या मागच्या कडेवर चढवायची रबरी नळीही मिळते. स्वस्त आहे, पण मूठ सैलच राहिली तर तिचा फार उपयोग नाही.

खांद्यावर दस्ता नेमका कुठे बसतो तेही पाहावं. गळ्याचं हाड आणि दंड यांच्यामधली जी मऊ खळगी, तिथेच. दंडावर टेकला की काळानिळा डाग ठरलेला.

ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याचा खेळ, खेळणाऱ्यांना हे सगळं बारकाईने पाहावंच लागतं. प्राथमिक फेरीत 125 तबकड्या असतात आणि प्रत्येकीवर दोन बार काढता येतात. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्य मिळवलं, त्यात 200 तबकड्या होत्या. त्यामुळे ऑलिंपिक प्रकारांत छर्ऱ्यांची मर्यादा 24 ग्रॅम आहे, याचं नवल वाटू नये.

आपल्याकडे मात्र उलट समज: जड काडतूस म्हणजे चांगलं काडतूस. जुन्या बंदुकांच्या बाबतीत ही समजूत घातक ठरू शकते. 65 मिलिमीटर लांबीच्या कोठ्याच्या बंदुकीत 70 मिलिमीटरचं काडतूस सहज बसतं, पण उडताना पुढचं तोंड उघडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. काडतूस खडकीच्या कारखान्याचं असो वा परदेशी, नळीवर कोरलेलं माप वाचल्याशिवाय भरू नये.

धक्क्याची भीती कुणी कबूल करत नाही, ती शोधावी लागते. रेंजवर सोबत्याने एखादं पोकळ डमी काडतूस न सांगता भरून द्यावं. चाप ओढल्यावर नुसता खट्ट आवाज आला आणि नळीचं तोंड वीतभर खाली गेलं, तर तो माणूस बार उडायच्या आधीच दचकतोय. त्या दिवशी त्याला आणखी बार काढायला लावू नयेत. आधी दस्त्याचं माप घ्यावं, मग 24 ग्रॅमच्या काडतुसांवर पुन्हा उभं करावं.