टळलेल्याची ओटी

वाईला लोक सहसा जात नाहीत, वाईवरून जातात. पुण्याकडून आलेली गाडी महामार्ग सोडून गावात शिरते, चहापुरती थांबते आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरकडे निघून जाते. फार तर कोणी ढोल्या गणपतीला हात जोडतो. यंदा माघात आम्ही दोघांनी मात्र तिथे चांगला चार दिवस मुक्काम ठोकला. निमित्त होते कृष्णाबाईच्या उत्सवाचे आणि ऐंशीच्या घरातल्या माझ्या आत्याच्या आग्रहाचे. "दादा गेल्यावर तू आला नाहीस. सूनबाईचंही दुखणं झालं. चार दिवस नदीवर येऊन बसा," एवढेच ती फोनवर म्हणाली. दादा म्हणजे माझे वडील.

वाई पाहावी ती घाटावर बसूनच. काळ्या दगडाच्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या. सकाळच्या उन्हात कोणी कपडे आपटीत असते, कोणी अर्घ्य देत असते, आणि शाळेला उशीर झालेले एखादे पोर दप्तर सावरीत त्या सगळ्यांच्या मधून पळत असते. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. पुढून ते सगळेच पाहतात. तुम्ही कधी गेलात तर जरा मागे जाऊन पाहा. तिकडची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगावे आणि देवाला धक्का न लावता दोन्ही अंगांनी निघून जावे, ही त्यातली योजना. पूर येऊच नये असे मागण्यापेक्षा तो येणारच हे धरून त्याला वाट करून देणारा तो कारागीर मला मोठा शहाणा वाटला.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला वाई म्हटले की आधी मराठी विश्वकोश आठवतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी त्याचा संसार याच गावात थाटला. पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. पण वाईकराला विचाराल, तर तो विश्वकोशाच्याही आधी कृष्णाबाईचे नाव घेईल. बाकीच्या जगाला ती कृष्णा नदी. महाबळेश्वरी उगम पावून सुमारे १,४०० किलोमीटरची वाट चालत पूर्वेच्या समुद्राला मिळणारी. इथे ती 'बाई' आहे, घरातली.

या बाईच्या उत्सवाची कथा अशी सांगतात. १६५९ साली अफजलखान फौजफाट्यासह वाईला येऊन बसला, तेव्हा गावाचे प्राण कंठाशी आले होते. त्या वेळी शेंडे नावाच्या शास्त्र्यांनी नदीला नवस केला : हे संकट टळू दे, तुझा उत्सव करू. पुढे १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले ते आपण सारे जाणतो. संकट टळले, आणि वाईने शब्द पाळला. अजून पाळते आहे. भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, रामडोह आळी, ब्राह्मणशाही असे सात घाट. माघाच्या आरंभापासून पाळीपाळीने एकेका घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाई तिथे माहेरवाशिणीसारखी मुक्कामाला येते. ओट्या भरल्या जातात, कीर्तने होतात, गाणी होतात आणि पंगती उठतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही जवळच्या मेणवलीला गेलो. तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे आणि घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेली प्रचंड घंटा. १७०७ सालची, मेरीमातेची आकृती असलेली, मूळची पोर्तुगीजांची. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. घंटेखाली उभा असताना मनात आले, विजयाची खूण ठेवणे सोपे असते. जिंकलेली वस्तू हाती असते. ती टांगता येते, पाहुण्याला दाखवता येते. पण जे घडलेच नाही त्याची खूण कशी ठेवायची? लुटले न गेलेले घर, न जळलेली गंजी, न पुसलेले कुंकू हे दाखवायचे कोणाला? वाईने त्याची खूण म्हणून पंगत ठेवली. दरवर्षी जेवून उठायचे, म्हणजे लक्षात राहते.

एरवी आपल्याकडे गेलेल्याचा हिशेब चोख असतो. आमच्या घरी आषाढात वडील गेले. दहावे, तेरावे, मासिक, सारे यथासांग झाले, आणि व्हावे तसेच ते झाले. त्याच मार्गशीर्षात पत्नीची एक मोठी तपासणी झाली. आठ दिवस घरात कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहत नव्हते. नवव्या दिवशी कागद हाती आला : भिण्यासारखे काही नाही. आम्ही रिक्षा केली, वाटेत मेथीची जुडी घेतली आणि घरी आलो. सुटकेला ना सुतक असते ना तेरावे. संध्याकाळच्या कुकरबरोबर तिचीही वाफ जिरून जाते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या घाटावर पंगतीसाठी भोपळा चिरीत बसली होती. साठ वर्षे ती हे काम करते आहे. तिचा थोरला मुलगा बाविसाव्या वर्षी तापाने गेला. पुढे यजमानही गेले. मला राहवले नाही. म्हटले, "आत्या, एवढं सारं गेलं तुझं. तू कसले गं आभार मानतेस?"

विळीवरचा हात न थांबवता ती म्हणाली, "धोमचं धरण नव्हतं तेव्हा एकदा पाणी आळीत शिरलं. आमच्या दुसऱ्या पायरीला लागलं आणि उतरलं. धाकटीला विषमज्वर झाला, एकविसाव्या दिवशी तिनं पेज मागितली. यजमान एकदा घाटात गाडीतून उलटले, खरचटण्यावर निभावलं. अजून सांगू?" मग थोडे थांबून, "थोरल्याचं दुःख काय, न बोलावता रोज येतं रे. या बाकीच्यांना मात्र वर्षातून एकदा हाका मारून बोलवावं लागतं."

त्या संध्याकाळी आत्याने पत्नीच्या हाती ताट दिले : खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. यजमान गेल्यापासून ती स्वतः ओटी भरत नाही. "माझ्याही वाटची तूच भर," म्हणून ती मागे सरली. मांडवात बायकांची गर्दी होती, समया तेवत होत्या. पत्नीने ताट देवीपुढे नेले, नारळ उचलला आणि मागे वळून आत्याचे मनगट धरले. आत्या "अगं, अगं" म्हणत राहिली. दोघींच्या चार हातांनी तो नारळ कृष्णाबाईच्या ओटीत गेला.

आत्याने भीत भीत इकडेतिकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. शेजारच्या बाई फक्त थोड्या सरकल्या आणि तिला बसायला जागा करून दिली.