सोयगावचे ऊन आणि दक्षिणेची भिंत

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे निघालेली एस.टी. अजिंठा गाव ओलांडते, घाट उतरते आणि फर्दापूरला येते. तिथून पश्चिमेकडे वळले की सोयगाव. जिल्हा मराठवाड्याचा असला तरी तालुक्याचे हे गाव डोंगराच्या खाली, खानदेशच्या अंगाला आहे. इथले पाणी गोदावरीला जात नाही, तापीला जाते. अजिंठ्याचा डोंगर गावाच्या दक्षिणेला उभा आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवतो, त्यामुळे डोंगराला अगदी लागून असलेल्या वस्त्यांवर ऊन उशिरा पोहोचते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी या बाजूला गेलात तर म्हातारी माणसे घर सोडून बाहेर, भिंतीला पाठ लावून ऊन खात बसलेली दिसतील. घरापेक्षा अंगण उबदार, असा हा प्रकार.

घर गरम करणे हा थंड देशातल्या लोकांचा विषय, आपल्याकडे घर थंड कसे राहील तेवढे सांगा, असे कुणी म्हणेल. उन्हाळ्यापुरते ते खरेच आहे. पण ज्याचे घर पत्र्याचे आहे त्याला जानेवारीतल्या रात्रीचे विचारा. पत्रा दिवसा तापतो आणि सूर्य मावळला की घटकाभरात निवतो. निरभ्र रात्री तर तो आकाशाकडे उष्णता टाकीत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. मग घरात निजलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्याला खालून धरते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडू लागतात. दमेकरी म्हातारा किंवा तान्हे मूल असलेल्या घरात या थेंबांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

जुनी धाब्याची घरे या बाबतीत बरी होती. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडे टाकून मातीचे धाबे. पावसाळ्यात गळायचे, उंदीर-घुशी व्हायच्या, दरवर्षी डागडुजी करावी लागे. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु मातीला एक गुण आहे. ऊन ती सावकाश घेते आणि सावकाशच परत देते. फूटभर जाडीच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोहोचायला आठ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारी कमावलेले रात्री घरात खर्चायला मिळते. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, आम्हाला ही जमाखर्चाची भाषा लवकर कळते. पत्र्याच्या घरात जमा नाही असे नाही, शिल्लक काही राहत नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची तर लांब जायला नको. अजिंठ्याची लेणी याच सोयगाव तालुक्यात आहेत. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा कडा आहे, त्यात ती ओळीने कोरलेली. कडा वळलेला असल्यामुळे एका लेण्यावर ऊन येते तेव्हा दुसरे सावलीत असते. आम्ही मंडळी घेऊन जातो तेव्हा सगळे चित्रांसाठी पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यात गर्दी करतात. बारा नंबरच्या लेण्यात फारसे कुणी थांबत नाही, कारण तिथे पाहण्यासारखे चित्र नाही. आमचे म्हणणे असे की राहत्या घराचा विचार करणाऱ्याने तिथेच थांबावे. इसवी सनापूर्वीचा हा विहार. समोरची भिंत पडून गेली आहे. मधे मोकळे दालन, तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या, आणि खोलीत निजायला दगडाचेच ओटे. थंडीत भिक्खू इथे कसे राहत असतील?

हा प्रश्न उगाच पडत नाही. विनयात नियम आहे की आजारी नसलेल्या भिक्खूने अंग शेकण्यासाठी जाळ करू नये, दुसऱ्याकडूनही करवू नये. भग्ग देशात सुंसुमारगिरीजवळ थंडीच्या दिवसांत भिक्खूंनी एका पोकळ ओंडक्याला जाळ लावला, आतला साप तापून बाहेर आला आणि अंगावर धावला, तेव्हापासून हा नियम झाला, अशी त्यामागची हकीकत सांगितली आहे. आजाऱ्याला सूट होती. जीवक वैद्याच्या सांगण्यावरून भगवंतांनी जंताघराला, म्हणजे गरम स्नानगृहालाही परवानगी दिली, आणि त्यात धूर बाहेर जाण्यासाठी नळी बसवण्यासही सांगितले. त्या नळीला पालीत धूमनेत्त म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही सोय आपल्या किती बहिणींच्या चुलीला कधीच मिळाली नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

तर जाळ नाही. मग आधार कशाचा? खडकाचा. काळ्या पाषाणात दीड-दोन फूट आत गेले की दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ संपतो. पंचवीस-तीस फूट आत तर उन्हाळा-हिवाळ्याचाही फारसा उरत नाही. तिथला खडक वर्षभराच्या सरासरी उष्णतेवर राहतो. म्हणून आतल्या खोलीत मे महिन्यात गारवा लागतो आणि जानेवारीच्या पहाटे बाहेरच्यापेक्षा ऊब. खोल्यांच्या दारांना लाकडी कवाडे फिरवायची भोके आहेत. कवाड लावले की ती ऊब आतच.

आपण कुणी डोंगर कोरून घर बांधणार नाही. पण उन्हाची कमाई जाड भिंतीत ठेवायची ही युक्ती पुढे जगाने शास्त्र म्हणून बांधली. फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगरातल्या ओदेयो गावी 1967 साली फेलिक्स त्रोम्ब आणि जाक मिशेल यांनी दक्षिणेची भिंत जाड काँक्रीटची केली, काळी रंगवली आणि तिच्यासमोर काच लावली. काच ऊन आत येऊ देते, तापलेल्या भिंतीची उष्णता सहज बाहेर सोडत नाही. अशी भिंत आज त्रोम्बच्याच नावाने ओळखली जाते. लडाखमध्ये लेहजवळ फे गावी सेकमोल संस्थेने आपल्या इमारती मातीच्या जाड भिंतींच्या आणि दक्षिणेला काच असलेल्या बांधल्या. उणे वीस अंशांच्या थंडीतही मुले तिथे जाळ न करता शिकतात.

आता दक्षिण म्हटले की आपल्याकडे गवंड्यापासून घरमालकापर्यंत सगळे दचकतात. यमाची दिशा! दार नको, खिडकीही नको. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांनी हे भय शहरातून खेड्यात आणून पोहोचवले, आणि खेद असा की ज्यांनी अशा भयांना सोडचिठ्ठी दिली त्यांच्या वस्तीतही ते चोरपावलांनी शिरले आहे. सूर्याचे गणित मात्र सरळ आहे. सोयगाव साधारण साडेवीस अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून 46 अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभर ऊन. उलट मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो माथ्यावरून किंचित उत्तरेकडून जातो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. थंडीत ऊब देणारी आणि उन्हाळ्यात त्रास न देणारी अशी घराची एकच बाजू असते, आणि तीच आपण बंद करतो. उन्हाळ्यात खरे छळते ते पश्चिमेचे ऊन आणि वरचा स्लॅब. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात द्यावा.

हे सांगण्याचे कारण, आमच्या ओळखीत रमाई आवास योजनेतून घर बांधणारी कुटुंबे आहेत. 269 चौरस फुटांचे घर. त्यात चैनीला जागा नाही, पण खिडकी कोणत्या भिंतीला ठेवायची हे ठरवायला पैसा लागत नाही. तीन फूट बाय चार फुटांची काचेची खिडकी दक्षिणेला ठेवली तर थंडीच्या निरभ्र दिवशी तिच्यातून सुमारे तीन युनिट उष्णता घरात येते. हजार वॉटचा हीटर तीन तास चालवावा तेवढी. खाली चकचकीत पांढरी टाइल नसावी. साधी शहाबादी फरशी ऊन जास्त पिते. सूर्य मावळला की खिडकी लावून घ्यावी आणि आतून गोधडीचा जाड पडदा सोडावा. ज्यांना पत्र्यातच राहणे भाग आहे त्यांनी पत्र्याखाली चार बोटांची पोकळी ठेवून चटईचे छत बांधले तरी पहाटेचे थेंब पुष्कळ कमी होतात.

अंघोळीच्या पाण्याचेही याच जोडीला पाहावे. गॅस आला तरी हंडा अजून चुलीवरच चढतो, कारण पाण्यासाठी सिलिंडर परवडत नाही. त्यासाठी कपाशी निघाल्यावर पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावर आणणे बायका-मुलींच्याच वाट्याला येते. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला सुमारे तीन युनिट लागतात. दोन चौरस मीटरचा सौर बंब तेवढे काम उन्हात सहज करतो. मात्र भरलेल्या शंभर लिटर टाकीचे पाणीच शंभर किलोचे, ते पत्र्यावर ठेवता येत नाही, आणि बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतो. ज्यांना बंब घेणे जमत नाही त्यांनी बाळाच्या अंघोळीला आपल्या आया जे करीत तेच करावे: काळे रंगवलेले भांडे झाकण लावून दुपारभर उन्हात ठेवावे. कढत होणार नाही, पण चुलीवरचा निम्मा जाळ वाचेल.

मागच्या थंडीत एका घरकुलावर गवंड्याशी आमचा याच खिडकीवरून वाद झाला. यमाचे तो फार बोलला नाही. त्याची खरी हरकत अशी की दक्षिणेने उन्हाळ्यात घर भाजेल. आम्ही काठी उभी करून सावल्या दाखवल्या. तेव्हा त्याने विचारले, छज्जा किती काढू? दीड फूट, असे आम्ही सांगितले, आणि तो खिडकीच्या माथ्याला चिकटवून नको, फूटभर वर घ्या. डिसेंबरात त्याची सावली खिडकीवर अर्धा फूटच उतरते आणि एप्रिल लागला की सगळी खिडकी झाकते. त्याने पेन्सिलीने भिंतीवर खूण केली आणि घरच्या आजीबाईंनी आपली खाट कुठे येणार ते पावलांनी मोजून घेतले.