सहरीचा रकाना

गोष्ट मार्च २०२५च्या रमजानची. सातवा की आठवा रोजा असेल. रात्री भांडी आवरत होते. माझी अकरावीतली मुलगी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "अम्मी, मुझसे मॅथ्स नहीं होगा. बारावी में छोड़ दूँ?" तिच्या हातात विषय बदलण्याचा अर्ज होता. अब्बांना विचारून झालं होतं. ते म्हणाले होते, अम्मीला विचार.

हिला लहानपणापासून आर्किटेक्ट व्हायचं आहे. गणित सुटलं की ती वाट तिथेच बंद होते. मी रागवायला हवं होतं, पण शब्द फुटेना, कारण असाच अर्ज एकेकाळी मीही भरला होता.

मी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकले. गणितात गुण चांगले होते म्हणून अकरावीला सायन्स घेतलं. तिथे सगळं इंग्रजीतून. एक दिवस सरांनी फळ्यावर एफ लिहून कंसात एक्स लिहिला. मला तो गुणाकार वाटला. मला फळ्याजवळ बोलावलं तेव्हा मी वर-खाली दोन्हीकडचे एफ सरळ काटून टाकले. वर्ग हसला. सरही हसले. ते फंक्शन आहे, एक्स दिला की त्याला बांधलेली एकच किंमत मिळते, हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. दिवाळीनंतर मी आर्ट्सला गेले. पुढे बी.एड. केलं, उर्दू आणि मराठी विषय घेऊन. या दोन्ही भाषांनी मला भाकरी आणि इज्जत दोन्ही दिली, तक्रार नाही. पण तो हशा अजून कानात आहे.

"कुठे अडलंस ते दाखव," मी म्हटलं.

अकरावीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात फंक्शन, लिमिट आणि डिफरन्सिएशन हे धडे जवळजवळ आहेत. चाचणीत तिने लिहिलं होतं की फंक्शनची किंमत जिथे सर्वांत मोठी, तिथे बदलाचा दरही सर्वांत मोठा. त्यावर लाल फुली. का चूक, ते तिला कळत नव्हतं आणि मला तर नव्हतंच.

फ्रीजवर रमजानचं टाइमटेबल चिकटवलेलं होतं. त्याकडे बघता बघता मला सुचलं ते एवढंच, की तारीख टाकली की वेळ मिळते, आणि एका तारखेला सहरीच्या दोन वेळा असत नाहीत. (दोन मशिदींच्या तक्त्यांत एक-दोन मिनिटांचा फरक असतो आणि त्यावर घराघरात वाद होतात, तो भाग वेगळा.) मी म्हटलं, "हे तुझं फंक्शन. आता बघ, रोज किती बदलतं."

तिने वही आणली. दोन मार्चला सहरी सुमारे ५.२०ला संपत होती, तीस तारखेला ४.५५च्या आसपास. म्हणजे पंचवीस मिनिटं मागे. इफ्तार मात्र ६.१८वरून ६.२७वर, फक्त नऊ मिनिटं पुढे. इतकी वर्षं रोजे ठेवतेय, सहरी भराभर मागे सरकते आणि इफ्तार जागची हलत नाही हे मला जाणवायचं. मी ते थकव्यावर ढकलायचे. मुलीने जवालचा रकाना काढला. तोही १२.२६वरून १२.१८वर आला होता. ती ओरडलीच, "अम्मी, दिवस दोन्ही बाजूंनी सतरा-सतरा मिनिटं उघडतोय, पण दुपारच आठ मिनिटं मागे सरकतेय! सतरा अधिक आठ पंचवीस, सतरा वजा आठ नऊ."

मग मी तिला जून २०१६चा रमजान आठवायला लावला. तेव्हा ती लहान होती, पण कूलरसमोर पडून मगरिबची वाट बघणारे आम्ही तिला आठवतात. रोजा पावणेपंधरा तासांच्या आसपास. वर्षातला सर्वांत मोठा दिवस त्याच महिन्यात होता. तिने मोबाइलवर नागपूरच्या वेळा काढल्या. सूर्योदय ते सूर्यास्त हे अंतर त्या अख्ख्या महिन्यात पाच मिनिटांनीही बदललं नव्हतं. यंदाच्या मार्चमध्ये तेच चौतीस मिनिटांनी वाढत होतं. दिवस सर्वांत मोठा तेव्हा बदल शून्याजवळ, आणि दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा बदल सर्वांत वेगवान. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग त्या लाल फुलीखाली बरोबर उत्तर लिहिलं.

उर्दूत बदलाच्या दराला शरह-ए-तब्दीली म्हणतात. शरह म्हणजे दर, आणि शरह म्हणजे एखाद्या मजकुराचं विवरणही. दुसरा अर्थ मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. पहिला त्या रात्री कळला.

शाळेत गणिताच्या सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्याच गावचं एक नाव काढलं, बापूदेव शास्त्री. जन्म १८२१चा. लीलावती आणि बीजगणित ते नागपुरात शिकले. १८३८ साली विल्किन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची हुशारी हेरून त्यांना सिहोरला नेलं, पुढे ते बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागले. १८५८ साली त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, की भास्कराचार्यांना डिफरन्सिएशनचं तत्त्व ठाऊक होतं. भास्कराचार्यांनी ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची दिवसभराची ढोबळ गती आणि त्या क्षणाची 'तात्कालिक गती' वेगळी केली आहे. घरी येऊन हे सांगितलं तर मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण काढली ती ढोबळ. महिन्याला भागून. आता एका क्षणाची काढायची, तेच डेरिव्हेटिव्ह." तिथून पुढे ती मला शिकवत होती. मला निम्मंच कळलं.

वार्षिक परीक्षेत तिला गणितात शंभरपैकी एकावन्न मिळाले. फार नाहीत. बारावीला तिने गणित ठेवलं आहे. आता इंटिग्रेशन सुरू झालंय आणि परवा पुन्हा वही आपटून झाली. अर्ज मी फाडला नाही, तिनेही नाही. तो कोराच आहे, फ्रीजवर, जुन्या टाइमटेबलाच्या मागे खोचलेला.